गिटारीला झूल

रामकिशन सोनकांबळे सरांकडं एक गिटार होती आणि ती इतकी चकाकत होती, की सरांना तिच्यात आपला चष्मा दिसायचा. चष्म्यामागचा चेहरा दिसत नसे. ते सरांना बरंच वाटे.

खरं म्हणजे ते सर नव्हतेच. शाळेच्या ग्रंथालयात त्यांची सगळी नोकरी गेली, हातात कधी खडू धरला नाही. पण शाळेच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या माणसाला लातुरात लोक सर म्हणतात. लोकांची चूक दुरुस्त करण्यापेक्षा त्या चुकीसकट आयुष्य काढणं लाजाळू माणसाला सोपं जातं. सरांनी तसंच काढलं.

गिटार त्यांच्या मुलीनं दिलेली. पंचशीला नांदेडच्या कॉलेजात शिकवायची. "आपल्याला एखादं वाद्य यायला हवं होतं," असं सर कधीतरी तिच्यासमोर बोलून गेले होते. तरुणपणी माणूस असं बोलला तर कुणी मनावर घेत नाही. म्हातारपणी मुली मनावर घेतात. सर निवृत्त झाले तेव्हा ती हैदराबादहून गिटार घेऊनच घरी आली.

तेव्हापासून रोज दुपारी सर आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचे. बाहेरच्यांना वाटायचं, सर वाजवतात. ते थोडं वाजवायचेही. पण बराचसा वेळ मऊ फडक्यानं गिटार पुसण्यात जायचा. गिटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती सरांनी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. तिच्यात वाजवायचं कसं हे एका पानात उरकलं होतं आणि जपायचं कसं याला बाकीची सगळी पानं दिली होती. ऊन लागू देऊ नये, पॉलिशला तडे जातात. घाम लागू देऊ नये. धूळ बसल्यास घासू नये, फुंकरीनं उडवावी. पट्ट्याचा बक्कल, शर्टाची बटणं, घड्याळ, अंगठी यांपासून सांभाळावं. आणि उघड्या मैदानात वाजवणं शक्यतो टाळावं.

हे शेवटचं वाक्य सरांना फार आवडलं. आपल्या मनातलं कुणीतरी परदेशात छापून ठेवलंय, असं त्यांना वाटलं.

पंचशीला सुट्टीला आली की म्हणायची, "बाबा, वाजवा ना काहीतरी." सर म्हणायचे, "आज हवा फार कोरडी आहे. लाकडाला बरं नाही." पुढच्या खेपेला तारा उतरलेल्या असायच्या. त्याच्या पुढच्या खेपेला धूळ. सरांनी वाजवलेला एकही सूर त्या पोरीनं अजून ऐकला नव्हता.

हवा कोरडी होती हे मात्र खोटं नव्हतं. नवा जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता. जिल्हा आला, कलेक्टर आले, कचेरीवर नवी पाटी आली. पाऊस तेवढा आला नाही. नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसायचं. आणि पुस्तिका म्हणत होती, वाद्याच्या खोलीत पुरेसा ओलावा ठेवावा, त्यासाठी उथळ भांड्यात पाणी ठेवावं. सरांनी एक दिवस चोरून परातभर पाणी गिटारीजवळ ठेवलं. संध्याकाळी बायकोला, धुरपताबाईंना, परात सापडली.

"आवो, हे कुणासाठी?"

"लाकडाला ओलावा लागतो."

"अन् माणसाला?" धुरपताबाईंनी परात उचलली, त्या पाण्यात भांडी विसळली आणि तेच पाणी तुळशीसारख्या दिसणाऱ्या पण तुळस नसलेल्या आपल्या एकुलत्या एका झाडाला घातलं. "तिला तहान लागली तर म्हणावं, टँकर आल्यावर रांगेत हुभी ऱ्हा."

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मध्येच पोळा आला.

नव्या जिल्ह्याचा पोळा थाटात व्हावा, असं कचेरीत ठरलं होतं. पण बैल होते कुठं? कुणाचे चारा-छावणीत होते, कुणी पाव्हण्यांकडं धाडलेले. तेव्हा बैलांच्या मिरवणुकीऐवजी त्याच मैदानात कलाकारांचा कार्यक्रम ठेवायचं ठरलं. यात अपमान बैलांचा झाला की कलाकारांचा, हे शेवटपर्यंत नीट ठरलं नाही. पंचशीलाबरोबर शिकलेलं कुणीतरी कचेरीत होतं. तिनं परस्पर सरांचं नाव देऊन टाकलं आणि मग येऊन सांगितलं.

"बाबा, पोळ्याला तुम्ही वाजवणार आहात."

"उघड्यावर?"

"उघड्यावर. मी येणारे. पहिल्या ओळीत बसणारे. या वेळी हवेचं काही सांगायचं नाही."

सर त्या रात्री जेवले नाहीत असं धुरपताबाई सांगतात. सरांच्या मते ते जेवले, पण चव लागली नाही. त्यांना एकच गोष्ट कळत होती: पोरगी पहिल्या ओळीत बसणार आणि बाप इतकी वर्षं नुसतं फडकं मारत होता, हे तिला समजणार. पण हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगता येण्यासारखी अडचण पॉलिशची होती. म्हणून सर पॉलिशच्या मागं लागले.

आधी ते कचेरीत गेले. कार्यक्रमाचं काम शेषेराव नावाच्या कारकुनाकडं होतं.

"थोडी सावली मिळेल का?" सरांनी विचारलं.

"कुणाला?"

"गिटारीला."

शेषेरावांनी पेन खाली ठेवलं. चेष्टा चाललीय की काय ते सरांच्या तोंडावर शोधलं, आणि नाही असं दिसल्यावर नरमाईनं म्हणाले, "मंडप हाय सर. न्हाई असं न्हाई. पर तो जुन्या जिल्ह्यात हाय. वाटणी चालू हाय ना अजून. खुर्च्या आल्या, भिंतीवरलं घड्याळ आलं. मंडप यायचाय."

"मग पाहुणे कुठं बसणार?"

"पाव्हण्यांना भाड्याचा शामियाना. कलाकारांना तशी तरतूद न्हाई."

"मी छत्री आणली तर?"

"आणा की. पर धरणार कोण? तुमचे दोन्ही हात तर तिच्यात गुतलेले."

"एखादा शिपाई..."

"शिपायाची जागा मंजूर हाय. मानूस अजून मंजूर न्हाई." शेषेराव पुढं वाकले. "राग नका मानू सर, पर इतकी वर्षं बैल ह्या मैदानातून चालले. एकानं बी सावली मागितली न्हाई."

सर घरी आले तोवर ही सावलीची बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती. कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, मेणकापडात शिवून टाका, पार्सल कसं जातं, तसं. समोरच्या बाईंनी वाटीत करडईचं तेल पाठवलं. त्यांच्या शिसवी पाटाला त्यानंच तकाकी होती. कुणी टाल्कम पावडर सुचवली. एका तरुण वकिलानं, गिटार कपाटात ठेवून काचेतून हात घालता येतो का पाहा, असा सल्ला दिला. त्याची वकिली का चालत नाही हे सरांना त्या दिवशी कळलं. सरांनी सगळ्यांचे आभार मानले. तेलाची वाटी परत करताना तेल किती उरलं पाहिजे हा प्रश्न त्यांना दोन दिवस छळत राहिला, कारण मुळीच वापरलं नाही म्हटलं तर बाईंना वाईट वाटलं असतं.

बटणांचा बंदोबस्त सरांनी स्वतः केला. बुशशर्ट उलटा घालायचा, म्हणजे पुढची बाजू सपाट आणि बटणं पाठीवर. पट्ट्याऐवजी नाडी. घड्याळ, अंगठी घरी. कल्पना उत्तम होती. फक्त पाठीवरची बटणं लावायला दुसरं माणूस लागायचं.

"आता हेच ऱ्हायलं व्हतं," धुरपताबाई बटणं लावता लावता म्हणाल्या. "लेकीची पोलकी लावली, नातीची लावीन म्हणत होते. मधीच तुमचा नंबर लागला."

"मागून विचित्र दिसतं का?"

"मागून तुम्ही आलाव असं दिसतं. फुडून गेलाव असं."

हे ऐकणारं आणखी एक माणूस ओट्यावर बसलं होतं. शेजारचे व्यंकटराव. जळकोटच्या बाजूला त्यांची जमीन होती. मुलगा पाटबंधारे खात्यात. पाटात पाणी नसल्यानं त्याला वेळ बराच होता आणि त्यानं आईवडलांना इथं आणून ठेवलं होतं. व्यंकटरावांना शहरात करण्यासारखं काही नव्हतं. रोज दुपारी ते सरांच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि बंद दारातून जे थोडंबहुत वाजायचं ते ऐकायचे. म्हणजे धुरपताबाई सोडल्या तर सरांची गिटार ऐकलेला जगातला तो एकच माणूस होता. त्यांनी कधी बरं-वाईट म्हटलं नव्हतं. फक्त एकदा म्हणाले होते, "जनावर अधनंमधनं भाईर काढावं सर. गोठ्यातच बांधून ठिवलं की बुजतं."

त्या दिवशी ते उठून घरी गेले आणि एक ट्रंक घेऊन आले. ट्रंकेतून त्यांनी लाल कापडाची झूल काढली. तिच्यावर भिंगं होती, कवड्या होत्या, कडेला घुंगरं. बैलाच्या पाठीवर टाकायची झूल.

"उन्हात न्यायचं म्हणून राहिलाव ना? मग झूल नको?"

"पण तुमच्या बैलांची..."

"बैलं भोकरला भाच्याकडं धाडलीत. तिकडं कडबा हाय अजून." व्यंकटरावांनी झूल झटकली. "ट्रंकेत ठिवून तिला कसर लागाया लागलीय. घ्या."

सरांनी झूल गिटारीवर टाकून पाहिली, ती नेमकी उलटी पडली. भिंग पॉलिशला लागलं आणि केसाएवढी रेघ उमटली. सरांच्या काळजातही तेवढीच उमटली. मग दोघांनी मिळून झूल सुलटी केली, भिंगं बाहेरच्या बाजूला, अस्तर आत असं नीट पाहून टाके घातले. घुंगरं मात्र काढायला व्यंकटरावांनी साफ नकार दिला. "घुंगरं काढली की मग ते फडकं झालं सर."

पोळ्याच्या दिवशी सकाळी टेम्पो दाराशी उभा होता. सर उलटा शर्ट घालून तयार होते. समोरून पाहिलं तर ते शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरांसारखे दिसत होते. चेहराही तसाच होता, फक्त रुग्णाचा. गिटार ओट्यावर झुलीत गुंडाळून ठेवली होती. सर रुमाल आणायला आत गेले आणि बाहेर आले तर झूल बाजूला पडलेली, आणि व्यंकटराव गिटारीसमोर उकिडवे बसलेले. शेजारी वाटी. वाटीत हळद आणि तूप. त्यांचा हात गिटारीच्या खांद्यावर फिरत होता. सावकाश, गोल गोल, दाबून.



"काल सांजंला खांदमळण ऱ्हायली सर," व्यंकटराव वर न बघता म्हणाले. "बैलं न्हाईत तर कुणाचा खांदा मळायचा? जलमात पहिल्यांदा चुकली. रातभर झोप न्हाई. मग इचार केला, आज मैदानात बैलाच्या जागी हेच चाललंय. कष्ट ह्याला पडणार. मग खांदा ह्याचाच मळावा."

बैलाच्या खांद्यावर वर्षभर जू असतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो खांदा हळदीतुपानं मळतात. हे सरांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे वडील दुसऱ्याच्या वाड्यावर सालानं राहायचे. बैल मालकाचे, खांदे मळायला हात वडलांचे. त्यांचे तळवे मग बरेच दिवस पिवळे राहायचे आणि त्या हातानं ते रामकिशनला भाकर मोडून द्यायचे. भाकरीला हळदीचा वास यायचा.

धुरपताबाई दारात आल्या. "भाऊ, आपल्यात हे करत न्हाईत."

"ठावं हाय मला, वैनी." व्यंकटरावांनी खिशातली कुंकवाची पुडी काढून दाखवली आणि परत खिशात घातली. "म्हणून कुंकू काढलं न्हाई. निस्ता खांदा मळून राहिलो. मळण ही पूजा न्हाई. ती काय... ते तकलीफ कमी व्हावी म्हणून असतंय."

धुरपताबाई आत वळल्या. सरांना पुस्तिकेतलं वाक्य आठवत होतं: तेलकट हात लागल्यास वाद्य उन्हात जाण्यापूर्वी सुक्या फडक्यानं ताबडतोब पुसावं, नंतर डाग निघत नाही. फडकं खिशातच होतं. व्यंकटराव उठून वाटी ठेवायला घरी गेले असते तर काम झालं असतं. पण ते गेले नाहीत. ते गिटारीकडं बघत उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडावर रात्रभर न झोपलेल्या माणसाला सकाळी झोप येते तसं काहीतरी आलं होतं.

टेम्पोत व्यंकटराव समोरच बसले, मांडीवर झुलीतली गिटार घेऊन. शेजारी त्यांच्या पत्नी भामाबाई, फडक्यानं झाकलेलं ताट सांभाळत. खड्डा आला की घुंगरं वाजायची आणि रस्त्यावरची माणसं, बैल कुठाय म्हणून वाकून बघायची. सरांचा हात खिशातल्या फडक्यावर होता. समोरच्या माणसाच्या देखत पुसायचं कसं, याचा त्यांनी सबंध वाट विचार केला. भाषा, भाव, निमित्त, सगळं जुळवून पाहिलं. असं एकही वाक्य सापडेना, जे म्हटल्यावर व्यंकटराव पुन्हा ओट्यावर येऊन बसले असते.

मैदानात ऊन नुसतं ओतत होतं. पाहुण्यांच्या शामियान्यात पाहुणे अजून यायचे होते, सावली रिकामी बसली होती. भोवती खेड्यापाड्यांतून आलेली माणसं. बैल नाहीत हे ठाऊक असूनही ती सवयीनं आली होती. कितीतरी बायांच्या हातात झाकलेली ताटं होती. ताटं घेऊन त्या इकडं तिकडं बघत होत्या.

पंचशीला धावत आली. आधी तिला बापाचा शर्ट दिसला. मग झूल निघाली आणि गिटार दिसली. गिटारीच्या खांद्यावर, पॉलिशच्या चकाकीत, हाताच्या तळव्याएवढा पिवळा डाग.

"बाबा, हे काय? कुणी केलं?" तिनं सरांच्या खिशातून डोकावणारं फडकं ओढून घेतलं. "थांबा, अजून निघेल."

व्यंकटराव चार पावलांवर उभे होते. त्यांनी आपले पिवळे तळवे धोतराला पुसले.

"राहू दे," सर म्हणाले.

"अहो बाबा, ऊन लागलं की बसेल कायमचा!"

"माहीत आहे मला. राहू दे."

इतक्या ठामपणे सर आयुष्यात फार कमी वेळा बोलले होते. त्यांना स्वतःलाच ते कुणा दुसऱ्याचं बोलणं वाटलं. पंचशीलानं बापाकडं पाहिलं, व्यंकटरावांच्या हातांकडं पाहिलं, फडकं घडी करून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि जाऊन पहिल्या ओळीत बसली. पहिली ओळ म्हणजे जमीनच होती.

शेषेरावांनी नाव पुकारलं. सर खुर्चीवर बसले. पाठीमागं बसलेल्यांत बटणं बघून हशा पिकला. तो सरांनी ऐकला आणि तो मागचा आहे, पुढचा नाही, अशी स्वतःची समजूत घातली. हात घामानं ओले झाले होते. त्यांनी सुरुवात केली ती चुकली. थांबले. परत सुरू केली, तीही चुकली, पण या वेळी थांबले नाहीत. साधीच चाल होती, पहिल्या काही धड्यांतली. वारा अर्धे सूर शामियान्याकडं घेऊन गेला, तिथं ऐकायला कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा तीच चाल वाजवताना सरांच्या लक्षात आलं, की बोटं आपोआप पुढं चाललीत. आपल्याला दुसरी चाल येत नाही हे लपवायला त्यांनी तीच चौथ्यांदा वाजवली. पंचशीला मान खाली घालून ऐकत होती. ती हसतेय की रडतेय, हे बघायला सरांना चष्मा पुसावा लागला असता, आणि हात मोकळा नव्हता.

चाल संपली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. बैल गेल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

तेवढ्यात भामाबाई उठल्या. ताट घेऊन सरळ खुर्चीपाशी आल्या. फडकं बाजूला केलं. पोळ्याला बैलाला भरवायची पुरणपोळी होती. दुष्काळातली, पातळ, पण पुरणाची. त्यांनी एक घास मोडला, गिटारीकडं वरून खालपर्यंत पाहिलं आणि घोटाळल्या.

"सर," त्या हलकेच म्हणाल्या, "हिचं तोंड कुठंशी हाय जी?"

मागून शेषेराव "अहो बाई, अहो बाई" करत निघाले होते. पंचशीला अर्धी उठली होती. भामाबाईंच्या पाठीमागं आणखी एक बाई ताट घेऊन उभी राहिली, तिच्यामागं आणखी एक. सरांनी एकदा त्या बायांकडं पाहिलं. मग गिटार मांडीवर थोडी तिरकी केली, मधल्या गोल भोकावरच्या तारा दोन बोटांनी अलगद बाजूला धरल्या, आणि घास नीट आत जावा म्हणून खाली वाकून वाट करून दिली.